लोअर पोलचा खडा आणि आपलं जुनं भांडण

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. लेकीची परीक्षा झाली, तुम्ही घर बदललंत, हे सगळं मला हेमाकडून कळलं. रागावला असशील तर हक्काने रागव. माझं बीपी ताब्यात आहे, पाठ आहे तशीच.

परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? विभागासाठी फ्लेक्सिबल स्कोप, लघवीच्या वाटेने किडनीत घालायची आपली ती वाकणारी दुर्बीण, निवडायचा होता. तीन समोर होते: फायबरचा (चित्र काचतंतूंतून येतं तो), डिजिटल आणि एकदा वापरून टाकायचा. तुलना माझ्याकडे आली. टेबलावर ठेवून सगळं मोजलं. तिन्हींचं टोक दोन्ही बाजूंना २७० अंशांपर्यंत वळत होतं, अवजारं आत घालायचा चॅनेल तिन्हींचा ३.६ फ्रेंच, म्हणजे १.२ मिलिमीटर. मग चित्रावर निकाल लावला. फायबरच्या चित्रात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. डिजिटलमध्ये कॅमेरा टोकाशीच, खड्याचा कण न् कण स्पष्ट. डिजिटलला पहिला नंबर देऊन सही केली.

आठवड्याने त्याच स्कोपने केस. किडनीच्या लोअर पोलमध्ये, म्हणजे खालच्या टोकाच्या कॅलिक्समध्ये (लघवी जमते त्या कप्प्यात), ८ मिलिमीटरचा खडा, आणि तिथे जायचं वळण भलतंच तीव्र. रिकामा स्कोप छान पोचला. खडा समोर, अगदी मधोमध. मग टोक बाहेर काढून सरळ केलं, चॅनेलमधून खडा फोडणाऱ्या लेझरचा २०० मायक्रॉन जाडीचा फायबर घातला आणि पुन्हा वळवलं. वाक कमी पडला रे. खडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत राहिला आणि फायबर त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघत राहिला. त्यात पाण्याची धार मंदावली, धूळ हटेना. पाणी जोराने सोडावं तर किडनीतला दाब वाढतो. चाळीस मिनिटं मी हट्टाला पेटलो होतो.

मग तुझा आवाज आठवला. "आधी खडा वर ने, मग फोड." आपण यावरून तीन दिवस अबोला धरला होता, आठवतं? मी म्हणालो होतो, बास्केटने, त्या तारेच्या इवल्या जाळीने, खडा उचलून वरच्या कॅलिक्समध्ये नेणं म्हणजे वेळ घालवणं. तू म्हणालास, स्कोप वाकवून लेझर मारत बसशील तर खड्याआधी स्कोप मरेल. परवा नायटिनॉल या लवचिक मिश्रधातूची बारीक बास्केट घातली. ती लेझरच्या फायबरपेक्षा मऊ, वाक तेवढा खात नाही. खडा पकडला, वर नेला, सरळ स्कोपने पंधरा मिनिटांत भुगा केला. तुझं बरोबर होतं. पंधरा वर्षांनी का होईना, हे लिहून देतो.

लघवी वाहती राहावी म्हणून स्टेंटची नळी टाकली. रात्री पेशंटला थंडी वाजून ताप आला, दोन दिवसांत उतरला. आता घरी आहे. पण ती चाळीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या तक्त्यात माझा एकही आकडा खोटा नव्हता. मी फक्त रिकामा स्कोप मोजला, आणि रिकाम्या स्कोपने कुणी खडा फोडत नाही. शिवाय मोजला तो कोरा, नवा असताना. पुन्हापुन्हा वापरायच्या स्कोपचा वाक केसगणिक झिजतो. चॅनेलमध्ये फायबर मोडला किंवा फायबरचं टोक आत असताना लेझर सुटला तर स्कोप एका क्षणात संपतो. एकदा वापरून टाकायचा स्कोप दरवेळी नवाच, ही त्याची मोठी बाजू मी एका ओळीत उरकली होती.

सही परत घेतोय. विभागप्रमुखांना सांगितलं, ते नाखूश आहेत. आता पुन्हा मोजणार: आत फायबर असताना, आत बास्केट असताना, किडनीच्या मॉडेलच्या खालच्या पोलमध्ये, आणि प्रत्येक वेळी पाणी किती येतं तेही. स्कोप हातात तासभर धरून मनगट किती भरून येतं याचाही रकाना करणार. सर असते तर यावरून दोघांनाही झापलं असतं.

ओटीत तू स्कोपला "वळ गं बाई, वळ" म्हणायचास आणि सिस्टर दचकून मागे वळायच्या, त्यांची बदली झाली. जाताना तुझी आठवण काढली.

एक मागणं आहे. प्रत्येक केसनंतर स्कोपचा वाक लिहून ठेवायची तुझी ती निळी वही अजून आहे का? मी तिला वाण्याची वही म्हणायचो, ते माफ कर. पानांचे फोटो काढून पाठव, जमलं तर या रविवारीच. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. नव्या घराचा पत्ता कळव.

तुझाच,
नंदू