मुलांना मैदानावर पिटाळून कसला आधारगट?

महोदय,

कालच्या अंकात पाचव्या पानावर ‘किशोरींच्या सक्षमीकरणासाठी भव्य मेळावा’ ही चार कॉलमी बातमी छायाचित्रासह वाचली. व्यासपीठावरील नऊ मान्यवरांची नावे पदांसह आली आहेत, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झाले आणि आभार कोणी मानले हेही समजते. मांडवात तीन तास बसलेल्या मुलींपैकी एकीचेही वाक्य मात्र बातमीत नाही. ‘लिंगभाव-प्रतिसादी आधारगटांच्या माध्यमातून किशोरवयीनांची लवचिकता वृद्धिंगत करण्यात येईल’, हे प्रमुख पाहुण्यांचे वाक्य आपण ठळक चौकटीत छापले आहे. मी ते मोठ्याने वाचले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ‘योगासनांचा वर्ग निघतोय का?’ असे विचारले. साध्या मराठीत अर्थ एवढाच की, मुलगी किंवा मुलगा म्हणून वाट्याला येणाऱ्या अडचणी ओळखून गट चालवायचे आणि पोरांना संकटात तग धरायला शिकवायचे.

त्या चौकटीतला ‘किशोरवयीनांची’ हा शब्द मला खटकला. किशोरवयीनांत मुलगेही येतात, अशी माझी समजूत होती. आपल्याच छायाचित्रात अगदी मागे, मांडवाबाहेरच्या कुंपणावर चार-पाच पोरे बसलेली दिसतात. मेळाव्यातील मुलगे एवढेच, आणि तेही निमंत्रणावाचून आलेले.

या प्रकारात मी स्वतः वाटेकरी आहे, म्हणून लिहितो. बीड जिल्ह्यातील एका खेड्यात मी माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे. २०१० मध्ये केंद्राची किशोरवयीन मुलींसाठीची ‘सबला’ योजना जाहीर झाली आणि पुढे आपल्या जिल्ह्यातही आली. अकरा ते अठरा वयाच्या मुलींचे किशोरी समूह झाले, त्यांची पुढारी ‘सखी’ आणि तिच्या मदतीला दोन ‘सहेली’. शनिवारी सकाळी आमच्याच शाळेच्या एका वर्गात दार लावून त्या मुली बसत. अंगणवाडीताई आणि नर्सबाई येत. आत काय बोलणे होई ते मला ठाऊक नाही, ठाऊक असण्याचे कारणही नाही. पण वर्षभरात त्या मुली मान वर करून बोलू लागल्या, आणि शाळेत मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह हवे असा लेखी अर्ज त्यांनीच मुख्याध्यापकांना दिला, हे मी पाहिले आहे. तेव्हा मुलींच्या ताटातले काढून मुलांना वाढा, असे माझे म्हणणे आहे, हा अर्थ कृपया कोणी काढू नये.

त्या तासाला माझी नेमणूक ठरलेली असे. ‘गुरुजी, पोरांना ग्राउंडवर न्या.’ मी व्हॉलीबॉल फेकायचो आणि लिंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचो. (आपलाच.) एके दिवशी नववीतल्या एका मुलाने विचारले, ‘सर, त्यांचं आत काय चालतं?’ मी नेहमीप्रमाणे डाफरलो. तो जागचा हलला नाही. म्हणाला, ‘मग आमचं कधी?’

याचे उत्तर मला सुचले नाही, म्हणून पुढच्या शनिवारी त्याच लिंबाखाली अकरा मुलांना घेऊन बसलो. पहिले दोन शनिवार नुसते खिदळण्यात गेले. मग बिस्किटाचा एक रिकामा पत्र्याचा डबा आणला, त्याच्या झाकणाला फट पाडली आणि नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगितले. पहिल्या चिठ्ठ्यांत दाढी कधी येते, याची चौकशी होती. नंतर एक आली : ‘बाप दारू पिऊन आईला मारतो, मी मोठा झालो की तसाच होणार का?’ आणखी एक आली : ‘गणिताच्या सरांना सांगा, रडू आलं की सगळ्यांसमोर बायल्या म्हणू नका.’ गणिताचा सर मीच होतो. अक्षर ओळखू येत होते, तरी मी ओळखले नाही असे दाखवले. तो शब्द मी त्या दिवसापासून सोडला, पण तोवर पंचवीस वर्षे वापरून झाला होता.

पाचव्या की सहाव्या शनिवारची चिठ्ठी मात्र मी विसरलेलो नाही. ‘बहीण आठवीत आहे. दसऱ्याच्या आत लग्न लावून तिला कारखान्याला पाठवणार. मी काय करू?’ आपल्या वाचकांना यातले निराळे सांगायला नको. ऊसतोडीला नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, त्या कोयत्यावर मुकादमाची आगाऊ उचल, आणि आईबाप उसाला गेल्यावर वयात आलेली पोर घरी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा खराखुरा घोर. किशोरी समूहात बालविवाहावर दोनदा बोलणे झाले होते, ते त्या मुलीनेही ऐकले होते. घरात तिच्या बाजूने बोलू शकणारा एकुलता एक माणूस मात्र त्या वेळी माझ्या देखरेखीखाली व्हॉलीबॉल खेळत होता.

गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी लग्नपत्रिका मागितली. असली लग्ने पत्रिका छापून होत नाहीत, हे त्यांना माझ्याइतकेच माहीत होते. दोन दिवसांत बातमी मुलीच्या बापापर्यंत पोहोचली, कोणी फोडली हेही पोहोचले, आणि लग्न मामाच्या गावी उरकण्यात आले. सोमवारी तो मुलगा शाळेत आला तेव्हा त्याच्या दंडावर पट्ट्याचे वळ होते. मुख्याध्यापकांनी मला बोलावून ‘पोरांना बोलतं करून तुम्हीच ही भानगड ओढवून घेतलीत’, असे सुनावले, आणि दिवाळीच्या सुटीनंतर आमचा गट भरला नाही. त्यांची भाषा चुकली असेल, पण एका मुद्द्यावर ते बरोबर होते. मुलाचे गुपित कसे राखावे, तक्रार कोणाकडे, कोणत्या मार्गाने न्यावी, याचे काडीचेही प्रशिक्षण मला नव्हते. हौसेने चालवलेल्या गटाची किंमत त्या पोराने मोजली.

हे प्रशिक्षण आपल्याकडे कोणाजवळच नाही, असेही नाही. मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांचीच संस्था १९९३ पासून तरुण मुलग्यांशी मर्दानगी आणि हिंसा या विषयांवर बोलत आली आहे. २००८ मध्ये मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये स्त्री-पुरुष समानतेचा ‘जेम्स’ हा उपक्रम सुरू झाला, त्यात सहावी-सातवीच्या मुली आणि मुलगे दोघांसाठीही गटसत्रे होती. सरकारी कागदही काही कोरा नाही. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दर हजार लोकवस्तीमागे चार समवयस्क शिक्षक, म्हणजे आपल्याच वयाच्या पोरांशी बोलणारी प्रशिक्षित मुले, सांगितले आहेत, दोन मुली आणि दोन मुलगे. मेळाव्यातील नऊ मान्यवरांपैकी एकाला तरी आपल्या वार्ताहराने विचारायचे होते की, आपल्या तालुक्यातल्या एका तरी गावातले ते दोन मुलगे कोण आणि ते शेवटचे कधी बसले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले त्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के आणि आपल्या जिल्ह्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. या लग्नांना नवरे लागतात, भाऊ अक्षता टाकतात. त्यांना कुंपणावर बसवून कसला प्रतिसाद आणि कसला आधार?

जाता जाता आपल्याविषयीही एक तक्रार. त्याच अंकात तिसऱ्या पानावर ‘प्रेमभंगातून तरुणाने जीवन संपविले’ ही बातमी आहे, सोबत मुलाचा फोटो, आणि आत्महत्येची पद्धत मथळ्याखालीच. पोलीस पंचनामा करीत होते तोवर आपल्या वार्ताहराला कारणही समजले होते! अशा बातम्या कशा द्याव्यात, कशा देऊ नयेत, याच्या मार्गदर्शक सूचना प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्या आहेत, त्या आपल्या कार्यालयात कुठल्या तरी फाइलला नक्कीच असतील. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत दहांतले सात पुरुष होते. बातमीखाली ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक छापायला एक ओळ लागते. काल तिथे फटाक्यांच्या स्टॉलची जाहिरात होती.

माझे मागचे पत्र आपण निम्मे कापून छापले होते. हे कापायचे झाल्यास योगासनांचे वाक्य कापावे, डब्याचा मजकूर राहू द्यावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बीड जिल्हा

(नाव व पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. माझ्या नावावरून गाव कळेल, आणि गावावरून तो मुलगा कोण हे कोणीही सांगेल.)