केनेडींची पणजी कुठे गेली?

महोदय,
केनेडी घराण्याची कथा बहुतेक जण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे वडील जोसेफ यांच्या पैशापासून सुरू करतात. जॉन केनेडींचे पणजोबा पॅट्रिक दुष्काळाच्या काळात आयर्लंडच्या वेक्सफर्डहून बोस्टनला आले. लाकडी पिंपं बनवायचे. २२ नोव्हेंबर १८५८ रोजी ते वारले (पणतूच्या हत्येचीही तारीख तीच, निव्वळ योगायोग, शापबिप काही नाही). धाकटा मुलगा तेव्हा जेमतेम दहा महिन्यांचा. विधवा ब्रिजेटने दुकान चालवून पोरं वाढवली. तोच धाकटा पुढे दारूच्या गुत्त्यांचा मालक आणि मॅसॅच्युसेट्सचा आमदार झाला! १९६३ साली राष्ट्राध्यक्षांनी पूर्वजांच्या डंगन्सटाउनला चहा घेतला, ते फोटो सगळेच छापतात. ब्रिजेटच्या दुकानावरही चार ओळी छापा की.
– एक वाचक, सातारा