सिलिंडर किती घेऊ, असं विचारलंस म्हणून

कोल्हापूर,
१९ एप्रिल

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "नव्या शेडला फायरचे, म्हणजे आग विझवायचे, सिलिंडर किती घेऊ आणि कसले घेऊ?" मी म्हटलं, सविस्तर लिहून कळवतो. नाशिकच्या सातपूरला स्वतःची शेड उभी केलीस याचा मला किती आनंद झालाय हे वेगळं सांगायला नको. कळंब्याच्या आयटीआयमध्ये एका लेथवर आळीपाळीनं काम करणारी आपण पोरं, आणि आज तुझ्या हाताखाली तीस-पस्तीस माणसं! त्या माणसांसाठीच हे पत्र लिहितोय. सिलिंडरचं सांगतोच, पण आधी माणसांचं.

सध्या अग्निशमन सेवा सप्ताह चालू आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे अनेक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी हा सप्ताह पाळतात. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत या आठवड्यात बहुतेक कारखान्यांच्या गेटवर फलक लागतात, शपथ घेतात, फोटो काढतात. आमच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, गेली काही वर्षं आम्ही शपथेबरोबर आणखी एक गोष्ट करतो. मागच्या मोकळ्या जागेत अर्धा कापलेला ड्रम ठेवतो, तळाला पाणी, त्यावर थोडं डिझेल, आणि खरी आग पेटवतो. मग एकेकाला बोलावून सिलिंडर हातात देतो आणि सांगतो, विझव.

दत्ता, तिथं जे दिसतं ते कुठल्याही भाषणात कळत नाही. वीस वर्षं रोज त्याच सिलिंडरजवळून जेवायला जाणारा कारागीर पहिल्यांदा तो उचलतो आणि गोंधळतो. सगळ्यात जास्त अडतं ते पिनपाशी. घाईत माणूस सिलिंडरची मूठ आवळून धरतो आणि तशीच पिन ओढायला बघतो. मूठ दाबली की पिन अडकते, मग कितीही ओढा, निघत नाही. सिलिंडर खाली टेकवायचा, मूठ ढिली सोडायची, पिन जराशी फिरवून ओढायची, की प्लास्टिकचं सील तुटून ती अलगद बाहेर येते. एवढंच. पण हे हातानं एकदा केलेलं असावं लागतं. आग समोर असताना सिलिंडरवरचं चित्र वाचत बसायला कुणाला सवड असते?

पिन निघाली की दुसरी अडचण. पावडर इतक्या जोरात आणि इतका आवाज करत सुटते की नवखा माणूस दचकतो, नळी हातातून निसटते. काहीजण ज्वाळेच्या शेंड्यावर मारतात, कारण डोळ्यांना तेच दिसतं. शेंड्यावर मारून काही होत नाही, मारायचं बुडाशी, आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवत. काहीजण अगदी जवळ जाऊन मारतात आणि पावडरच्या झोतानं पेटतं तेलच ड्रमबाहेर उडतं. म्हणून अडीच-तीन मीटरवरून सुरुवात करायची आणि आग दबेल तसं पुढं सरकायचं. उघड्यावर असेल तर वारा पाठीशी हवा. शेडमध्ये असेल तर दरवाजा पाठीशी हवा, आणि ही दुसरी गोष्ट मी पहिलीपेक्षाही मोठ्यानं सांगतो. आपल्या आणि दरवाज्याच्या मध्ये आग येऊ द्यायची नाही.

यंदा कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवायच्या विभागातल्या, एक मावशी पुढं यायलाच तयार नव्हत्या. "मला न्हाई जमायचं, साहेब, ते गड्यांचं काम." मी म्हटलं, मावशी, रेझिन आणि थिनरचे डबे तुमच्याच टेबलाजवळ असतात, आग लागली तर तिथं पहिलं कोण असणार? मग आल्या. पिन काढली, दाबलं, विझवलं, आणि विझल्यावरही पाठ न फिरवता तशाच उभ्या राहिल्या. कुणी न सांगता त्यांनी नेमकी योग्य गोष्ट केली. पावडर ज्वाळा मारते, पण गार करत नाही. तेल तापलेलंच असतं, ते पुन्हा भडकू शकतं. आग विझली असं वाटलं तरी तिच्याकडं तोंड करूनच मागं सरकायचं. मी सगळ्यांना मावशींकडं बघायला सांगितलं.

सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. लोकांना वाटतं, पाच-दहा मिनिटं पुरेल. एकदा स्वतः रिकामा केला की हा गैरसमज कायमचा जातो, आणि त्याबरोबर दुसरीही एक समज येते, की या बाटलीनं कुठली आग विझेल आणि कुठली नाही. कचऱ्याची बादली पेटली, ट्रेमधलं तेल पेटलं, तर हो. छतापर्यंत ज्वाळा गेल्या, धुरानं दरवाजा दिसेना, सिलिंडर संपला आणि आग तशीच, तर सगळं टाकून बाहेर. प्रशिक्षणात मी विझवायला जितकं शिकवतो तितकंच सोडून पळायला शिकवतो. आपली माणसं इमानी असतात रे, मालकाचं मशीन वाचवायला आत घुसतात. तू मालक आहेस, म्हणून तूच तुझ्या तोंडानं सांग त्यांना, की मशीन जाऊ दे, तू बाहेर ये. सुपरवायझरनं सांगितलेलं आणि मालकानं सांगितलेलं यात फरक पडतो.

खर्चाचं म्हणशील, तर एक युक्ती सांगतो. रिफिलिंगची तारीख आली की एजन्सीवाला सिलिंडर उचलून नेतो आणि जुनी पावडर तिकडंच रिकामी करतो. ती तुझ्या माणसांच्या हातून तुझ्या आवारात रिकामी होऊ दे. रिफिलिंगचे पैसे नाहीतरी जाणारच आहेत. सगळे एकाच दिवशी मात्र रिकामे करू नकोस, भिंती ओस पडतील. टप्प्याटप्प्यानं कर. आणि कुणी दोन सेकंद जरी दाबून बघितलं असेल, तरी तो सिलिंडर परत भिंतीवर टांगायचा नाही. पावडरचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात, दाब हळूहळू निघून जातो, आणि गरजेच्या वेळी तो नुसता फुसफुसतो.

आता तुझा प्रश्न. किती? साधा हिशोब असा धर, की शेडमध्ये कुठंही उभा असलेल्या माणसाला सिलिंडरपर्यंत पोचायला पंधरा मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. मशीन, रॅक यांना वळसा घालून पावलांनी मोज, नकाशावर पट्टी ठेवून नको. आणि शक्यतो दरवाज्याजवळ टांग, म्हणजे सिलिंडर आणायला गेलेला माणूस आपोआप बाहेर पडायच्या वाटेवर असतो.

कसले? तुझ्याकडं लाकडी पॅलेट आणि पुठ्ठे आहेत, कटिंग ऑइल आणि रंगाचं थिनर आहे, त्यामुळं सर्वसाधारण जागेला एबीसी, म्हणजे लाकूड-कागद, तेल आणि गॅस या तिन्ही आगींना चालणारी, पावडर ठीक. पण सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशीन आणि विजेच्या पॅनेलजवळ सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा, ठेव. पावडरनं आग विझेल, पण ती पावडर इलेक्ट्रॉनिक कार्डांत जाऊन बसते, ओल धरते आणि कार्डं गंजवते. सीओटू मागं काही ठेवत नाही. त्याच्या दोन गोष्टी मात्र सगळ्यांना सांग. एक, वायू जिथून सुटतो त्या भोंग्याला हात लावायचा नाही, तो इतका गार पडतो की कातडी भाजल्यासारखी होते. दुसरी, बंद खोलीत मारला तर दार उघडं ठेवून मारायचा आणि लगेच बाहेर यायचं, कारण तो वायू खोलीतल्या हवेची जागा घेतो आणि श्वास कोंडतो. सीओटूला दाब दाखवणारा काटा नसतो, तो भरलेला आहे की नाही हे वजनावरून कळतं. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, ते महिन्यातून एकदा कुणीतरी बघून कार्डावर सही करू दे. सही करणारा माणूस दर महिन्याला बदल. त्या निमित्तानं प्रत्येकाला सिलिंडर कुठं आहेत ते पाठ होतं.

आमच्याकडं फौंड्रीत आणखी वेगळं. वितळलेल्या धातूवर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू चहूकडं उडतो, म्हणून भट्टीजवळ कोरडी वाळू, पाणी नाही. एसजी आयर्न या चिवट ओतीव लोखंडासाठी मॅग्नेशियम वापरतो, त्याच्या आगीला पाणीही चालत नाही आणि सीओटूही नाही, मॅग्नेशियम त्या वायूतही जळत राहतं. आणि त्याच आवारात पॅटर्नचं, म्हणजे साचे बनवायच्या लाकडी नमुन्यांचं, स्टोअर, सगळं सागवान. तिथं पाणीच हवं. तू हे काही करत नाहीस, पण तुझ्याकडं गॅस कटिंग आहे, म्हणून एक गोष्ट घट्ट धरून ठेव. नळीतून किंवा गॅसच्या सिलिंडरच्या तोंडाशी गॅस पेटला असेल, तर व्हॉल्व्ह बंद करता येत असल्याशिवाय ज्वाळा विझवायची नाही. ज्वाळा विझली आणि गॅस सुटतच राहिला, तर तो शेडमध्ये साठतो आणि पुढच्या ठिणगीला अख्खी शेड उडते. वेल्डिंग-कटिंग संपल्यावर एका माणसानं निदान अर्धा तास तिथंच थांबायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून कर.

इथल्याच एका कारखान्यात आग लागली होती, तिथं जाऊन आलो होतो. नाव लिहीत नाही. रात्रपाळी, विजेच्या पॅनेलमध्ये ठिणगी. सिलिंडर भिंतीवर होते, तारखा चालू होत्या, कागदपत्रं चोख होती. पण प्रशिक्षण झालं होतं दिवसपाळीच्या कायम कामगारांचं, सकाळी अकरा वाजता, मराठीतून. रात्री शेडमध्ये होती ठेकेदाराची बिहार-ओडिशाकडची पोरं. एकानं त्या पॅनेलवर ओतायला पाण्याची बादली उचलली होती, दुसऱ्यानं त्याचा हात धरला म्हणून वाचला. कुणी मरण पावलं नाही, पण शेडचा एक भाग गेला. मला त्या पोरांची फार कणव आली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी बोट मात्र त्यांच्याकडंच दाखवलं जात होतं.

म्हणून तुला कळकळीनं सांगतो, रात्रपाळीचं प्रशिक्षण रात्री घे. ठेकेदाराची माणसं, वॉचमन, कॅन्टीनमधला पोरगा, झाडू मारायला येणाऱ्या बाई, सगळ्यांना घे. ज्याला हिंदी कळते त्याला हिंदीतून सांग. नवा माणूस कामाला लागला की मशीन दाखवायच्या आधी त्याला बाहेर पडायची दोन दारं दाखव. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम ३८ आगीबद्दलचं होतं. सुटकेचे मार्ग सगळ्या कामगारांना माहीत असावेत आणि अशा वेळी काय करायचं याचं त्यांना पुरेसं प्रशिक्षण मिळालेलं असावं, असं त्यात म्हटलं होतं. 'सगळ्या' म्हटलं होतं, नुसत्या कायम कामगारांना नाही. शिवाय महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणं परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत 'फॉर्म बी' घ्यावा लागतो, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा. तो घेच. पण तो यंत्रणेचा दाखला आहे, माणसांचा नाही.

कामं आधीच वाटून ठेव. १०१ ला फोन कोण करणार, मेन स्विच कोण पाडणार, बंब आत घ्यायला गेटवर कोण उभं राहणार, बाहेर जमल्यावर डोकी कोण मोजणार. मोजणाऱ्याकडं ठेकेदाराच्या माणसांचीही त्या दिवसाची यादी हवी, नाहीतर आत कुणी राहिलंय की नाही हे सांगणार कोण?

तुला आठवत असेल, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेली वास्तू, आपण दोघांनी तिथं शेवटच्या रांगेतून किती नाटकं बघितली. त्या रात्री अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं आणि माणसं ढसाढसा रडत होती. तेव्हापासून इथं आगीचा विषय काढला की लोक ऐकून घेतात, पूर्वी टाळायचे.

तुझ्या शेडचा हातानं काढलेला नकाशा पाठव. दारं, पॅनेल, थिनरचे डबे, गॅसचे सिलिंडर कुठं आहेत ते त्यावर मांड. मी खुणा करून परत पाठवतो. मे महिन्यात चार दिवस रजा काढून येतोय, तेव्हा दोन्ही पाळ्यांचं प्रशिक्षण मीच घेईन. अर्धा ड्रम आणि रिफिलिंगला आलेले दोन-तीन सिलिंडर तेवढे तयार ठेव. नवेच घेणार असशील तर एक जास्त घे. आणि स्थानिक अग्निशमन केंद्रालाही आधी कळव, ते लोक बोलावलं तर येतात, आणि धूर बघून कुणी घाबरून फोन केला तर घोटाळा नको.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. येताना तांबड्या रश्शाचा मसाला आणतो.

तुझा,
सुभाष