छेद कोण मोजणार?

संपादक महोदय,
स. न.

सार्वजनिक आरोग्याचा विषय निघाला की हल्ली 'डॅशबोर्ड', 'ॲप', 'रिअल टाइम' हे शब्द हमखास येतात. लसीकरणाला यू-विन, क्षयरोगाला निक्षय, साथींना आयएचआयपी, लसींच्या साठ्याला ई-विन, आणि या सगळ्यांवर दरमहा भरायचा एचएमआयएसचा, म्हणजे सरकारी आरोग्य माहिती प्रणालीचा, अहवाल. माहितीची ददात अजिबात नाही. अडचण आहे ती शाळेतल्या अपूर्णांकाची. टक्केवारीला अंश लागतो तसा छेदही लागतो. अंश भरायला आपल्याकडे आरोग्य सेविकेपासून डेटा ऑपरेटरपर्यंत सगळे आहेत, छेद मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

लसीकरणच घ्या. एका आरोग्य केंद्राखाली ५०,००० वस्ती धरू. शहरी आरोग्य अभियानाचा निकषही तोच आहे. हजारी १४ जन्मदराने वर्षाला ७०० बाळे होतात. त्यांतल्या ६६५ बाळांना गोवर-रुबेलाचा पहिला डोस मिळाला, म्हणजे ९५ टक्के. गोवर थोपवायला तेवढेच लागतात, त्यामुळे केंद्र पास. आता वस्ती प्रत्यक्षात ६२,००० निघाली तर? बाळे होतात ८६८, डोस तेच ६६५, आणि टक्केवारी उतरते ७६.६ वर. उरलेली २०३ बाळे कोणत्याच कागदावर नाहीत, म्हणून त्यांना शोधायला कोणी जात नाही. शिवाय ही बाळे साऱ्या वस्तीत सारखी पसरलेली नसतात. नाल्याकाठच्या किंवा डंपिंगलगतच्या चार-पाच गल्ल्यांत ती एकवटलेली असतात. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडी परिसरात गोवर पसरला, तेव्हा घरोघरी फिरून लस न घेतलेली मुले शोधावी लागली आणि नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला. वॉर्डाची सरासरी चांगली दिसत असताना गल्लीत साथ फुटू शकते, ती अशी.

छेद चुकतो कारण त्याचा पाया अजून २०११ च्या जनगणनेचा आहे आणि त्यावर दरसाल सरसकट वाढ चढवली जाते. मुंबईला सरसकट काही लागू पडत नाही. २००१ ते २०११ या दशकात शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली आणि उपनगर जिल्ह्याची आठ टक्क्यांहून अधिक वाढली. त्यानंतर तर पुनर्विकासाने अख्ख्या गल्ल्या जागच्या उठल्या. चाळ रिकामी होते, माणसे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने दुसऱ्या टोकाला जातात, रजिस्टरात मात्र तिथेच राहतात. त्याच प्लॉटवर दोनशे बांधकाम मजूर पत्र्याच्या खोल्यांत येऊन राहतात, ते कोणाच्याच यादीत नसतात. पुढे टॉवर उभा राहतो आणि आरोग्य सेविकेला वॉचमन गेटवरच अडवतो. बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई तीन-चार महिन्यांचे बाळ घेऊन परत येते. त्याचा जन्म इथला नाही, पहिले डोसही इथले नाहीत, त्यामुळे ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे डोस द्यायच्या बाळांच्या यादीत, त्याचे नाव येतच नाही.

यावर उपाय एकच, वर्षातून दोनदा माणसे मोजणे. मे महिन्यात आणि गणपतीत मोजणी करू नये, निम्मी मुंबई गावी असते. शाळा उघडल्यावर एक आणि दिवाळीची गर्दी ओसरल्यावर एक. एका आशा सेविकेकडे निकषाप्रमाणे २०० ते ५०० घरे येतात, तेवढी ती पंधरवड्यात करू शकते, अट एवढीच की त्या पंधरवड्यात तिच्यावर दुसरे काम लादले जाऊ नये. खरा प्रश्न बंद घरांचा. पल्स पोलिओच्या फेरीत दारावर खडूने काम पूर्ण झाले तर 'पी' आणि राहिले तर 'एक्स' लिहितात आणि 'एक्स'च्या घरी पुन्हा जातात. तीच पद्धत इथे चालते, मात्र दुसरी भेट संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी हवी. सकाळी अकराला बंद असलेले घर दुसऱ्या दिवशी अकरालाही बंदच असणार. आणि या वेळी-अवेळीच्या फेरीचे मानधन वेगळे द्यायला हवे. फुकटात छेद मिळत नाही.

मोजणी होईपर्यंत लोकसंख्येवाचून चालणारे एक मोजमाप हाताशी आहे: गळती. पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस घेतलेल्यांपैकी तिसऱ्यापर्यंत किती पोचले? इथे छेद केंद्राच्याच रजिस्टरात असतो. गळती दहा टक्क्यांहून जास्त असेल तर बाळे येतात पण टिकत नाहीत. सत्राचा वार, वेळ, रांग, डोसनंतरच्या तापाबद्दल आईला नीट सांगितले का, हे बघायचे. गळती कमी आणि पहिले डोसच थोडे, तर आपण वस्तीत पोचतच नाही. आणि गळती उणे आली, म्हणजे पहिल्यापेक्षा तिसरे डोस जास्त, तर शाबासकी देण्याआधी रजिस्टर उघडावे. बाहेरून आलेली बाळे असतील, नाहीतर नोंदीत गोंधळ असेल. हा हिशेब केंद्रातल्या परिचारिकेला कागदावर दोन मिनिटांत येतो. तो करायला तिला कोणी सांगत नाही.

अंशही तपासावा लागतो. लसींच्या आयएलआर फ्रिजवर तापमानाचा तक्ता लटकलेला असतो, सकाळ-संध्याकाळ नोंद करायची असते, दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या मध्ये. महिनाभर ४, ४, ४, ४ असे आकडे, एकाच पेनाने, एकाच तिरकस अक्षरात आणि केंद्र बंद असलेल्या रविवारीही भरलेले दिसले, तर तो तक्ता एका बैठकीत लिहिला आहे हे कळायला ऑडिटर लागत नाही. खऱ्या तक्त्यात ३.८ असते, ५.१ असते, डीफ्रॉस्टच्या दिवशी ७ असते. आयएलआर तळाशी सर्वांत थंड असतो, म्हणून पेंटाव्हॅलंट किंवा टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) तळाला टेकली तर गोठून वाया जाते, आणि गोठून पुन्हा वितळलेली बाटली नुसत्या नजरेला कळत नाही. बाटलीवरचे व्हीव्हीएमचे रंग बदलणारे लेबल उष्णता दाखवते, गोठणे नाही. रक्तदाबाच्या रजिस्टराचेही तसेच. पानभर १२०/८०, १३०/८०, १४०/९० असेल तर यंत्र बिघडले आहे किंवा पट्टा बांधलाच गेलेला नाही.

म्हणून पर्यवेक्षकाने महिन्यातून एकदा तरी एका आकड्याची उलट मोजणी करावी. मागच्या महिन्याच्या अहवालात गोवर-रुबेलाचे ५८ डोस लिहिलेत ना, मग रजिस्टरातली नावे एकेक करून मोजा. मोजलेला आकडा भागिले कळवलेला आकडा ०.९ ते १.१ मध्ये असावा. ०.७ निघाले तर पुढचे सगळे आलेख भिंतीवरून काढून ठेवावेत. त्यापुढची पायरी घरांची. सेविकेने बोट दाखवलेल्या घरात जाऊन तपासणी होत नाही. खिशातल्या नोटेच्या क्रमांकाचे शेवटचे अंक घ्यावेत, त्यावरून पहिले घर ठरवावे आणि तिच्या पूर्ण हद्दीतून विखुरलेली १९ घरे, लस घेण्याच्या वयाचे मूल असलेली, निवडून त्यांची कार्डे बघावीत. ८० टक्क्यांचे उद्दिष्ट असेल तर, नमुना लहान म्हणून योगायोगाला जागा सोडून, १९ पैकी किमान १३ मुलांची लस पूर्ण असली पाहिजे. १२ निघाली तर त्या हद्दीत मदत पाठवायची. यातून वॉर्डाची नेमकी टक्केवारी कळत नाही. सोमवारी कुठे जायचे ते कळते.

औषधसाठ्यात हाच छेद दिवसांच्या रूपाने येतो आणि इथे चूक स्वतःला वाढवत नेते. दवाखान्यात सप्टेंबरमध्ये रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिनच्या १२,००० गोळ्या गेल्या. पुढच्या महिन्याची मागणी तेवढीच पाठवली जाते. पण ३० पैकी १० दिवस गोळ्याच नव्हत्या. खरी गरज १२,००० भागिले २० गुणिले ३०, म्हणजे १८,०००. दर वेळी १२,००० मागितल्या की दर महिन्याला २० दिवसांनी काउंटर रिकामा. मागणीपत्राच्या नमुन्यात 'साठा शून्य असलेले दिवस' हा एक रकाना वाढवला तरी हे थांबेल.

गोळी न मिळालेला रुग्ण पुढच्या महिन्यात येत नाही आणि गंमत म्हणजे त्याने टक्केवारी सुधारते. दवाखान्यात रक्तदाबाचे ४०० रुग्ण नोंदलेले, तिमाहीत आले १८०, त्यांतल्या १२६ जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली. आलेल्यांवर काढले तर ७० टक्के नियंत्रण, नोंदलेल्यांवर काढले तर ३१.५. न आलेला रुग्ण नियंत्रणात नाही असेच धरायचे, हा नियम कडक वाटतो, पण न आलेल्यांना फोन करायची आठवण त्यानेच राहते.

क्षयरोगातही निकाल काढताना तिमाहीत उपचार सुरू झालेला प्रत्येक रुग्ण छेदात हवा, 'निकाल नोंदलेला नाही' या रकान्यातलाही. सलग महिनाभर गोळ्या बंद झाल्या की 'उपचार सोडले' अशी नोंद होते. ती व्याख्या अहवालासाठी आहे, कामासाठी तिची वाट बघत बसलो तर उशीर झालेला असतो. तिसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी घर. त्यासाठी पत्ता खरा हवा. खासगीकडून आलेल्या नोंदीत रुग्णाच्या घराऐवजी रुग्णालयाचा पत्ता आणि रिसेप्शनचा नंबर असेल, तर पर्यवेक्षकाने जायचे कुठे? रुग्णाच्या आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये बँक खाते न जुळल्याने अडकले असतील, तर त्याच फोनमध्ये तेही विचारून घ्यावे. तो रुग्ण बोलता राहतो.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर कोणी भांडत नाही. सरकारी कागदात 'निरंक' हा फार नेमका शब्द आहे. निरंक म्हणजे पाहिले आणि आढळले नाही. रिकामी चौकट म्हणजे अहवालच आला नाही. संगणकात दोन्हींचे शून्य होते, आणि अहवाल न पाठवणारी प्रयोगशाळा डेंग्यूमुक्त ठरते. साप्ताहिक तक्त्याच्या डोक्यावर 'इतक्यांपैकी इतक्यांचे अहवाल आले' ही ओळ सक्तीची करावी.

हे सगळे करायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही, जुनी रजिस्टरे मात्र कमी करावी लागतील. एकच बाळ परिचारिका चार ठिकाणी लिहीत असेल तर चौथ्या ठिकाणी ती अंदाजाने लिहिणार, यात तिचा दोष नाही. वॉर्डाच्या बैठकीत आज प्रत्येक केंद्राचे आकडे वाचून दाखवतात आणि भेटवहीत 'सूचना दिल्या' एवढेच उरते. कोणती सूचना, कोणाला, कोणत्या तारखेपर्यंत, आणि मागच्या वेळची पाळली गेली का, हे चार रकाने त्या वहीत छापून घ्यावेत. जे केंद्र आपला वाईट आकडा स्वतःहून मांडेल त्याला त्या बैठकीत झाडू नये, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सगळीकडे ९५ टक्के दिसू लागतील.

आणि एक विनंती आपल्या दैनिकालाही. पावसाळ्यात 'मलेरियाचे रुग्ण दुप्पट' अशी बातमी छापताना शेजारी किती रक्तनमुने तपासले आणि किती प्रयोगशाळांनी अहवाल पाठवले, हे दोन आकडेही गेल्या वर्षीच्या आकड्यांसह द्यावेत. पालिकेकडे ते मागितल्याशिवाय मिळणार नाहीत. आपल्या वार्ताहराने दर आठवड्याला मागितले, तर ते तयार ठेवणे तिथल्या कोणाला तरी भाग पडेल.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई