जुगाराच्या पेशंटला दारूचे उपचार कशाला? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, बरं झालं. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत जेल, एक कोटीपर्यंत दंड आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हेही बरोबरच आहे. पण मग त्याला उपचार तरी कुठे आहेत? ॲप बंद झालं म्हणून नाद सुटत नाही साहेब, टेलिग्रामवर सट्टा खेळायचे आयडी देणारे बसलेलेच आहेत.

माझ्या मावसभावाला आम्ही एका व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. फॉर्मवर प्रश्न काय तर दारू देशी का इंग्लिश, दिवसाला किती क्वार्टर. लिहून घेणाऱ्या पोराने रकाना खोडून वर पेनाने ‘रमी, क्रिकेट’ लिहिलं आणि पुढे सगळं दारूवाल्यांचंच, सकाळी योगा, प्रार्थना, लेक्चर, फोन जमा. आता फोनच जमा म्हटल्यावर खेळणार कशावर? महिनाभर एकदम शहाण्यासारखा वागला. घरी आला, फोन हातात पडला, लोन ॲपवाल्यांचे कॉल सुरू झाले आणि याच्या डोक्यात परत तेच, एक मोठा डाव लागू दे, सगळ्यांचं फेडून मोकळा होतो.

खरी गोम इथेच आहे. दारू पिऊन दारूचं नुकसान भरून निघेल असं कुठल्याच दारुड्याला वाटत नाही, जुगाऱ्याला मात्र तसंच वाटतं. हरलेलं काढायचं म्हणून तो परत बसतो. त्यात घरचे काय करतात, जमीन विकून कर्ज फेडतात (आम्हीपण तेच केलं), की तो नव्याने उधारी घ्यायला मोकळा.

बरं, हे काही नवीन नाहीये. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांनी २०१३ मध्येच डीएसएम-५ या त्यांच्या मानसिक आजारांच्या यादीत जुगाराला दारू-ड्रग्जच्या पंक्तीत बसवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतपण त्याची वेगळी नोंद आहे. उपचार आहेत. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि सवयी बदलायच्या समुपदेशनात, ‘आता लागणारच’ हा डोक्यातला हिशोब समोर बसून खोडून काढतात, तलफ आली की ती वेळ कशी टाळायची ते शिकवतात. दारूसाठी देतात ती नाल्ट्रेक्सोनची गोळीपण डॉक्टर काही पेशंटना देतात. पण गोळीच्या आधी पैशांचा बंदोबस्त पाहिजे, म्हणजे यूपीआय बंद, पगाराचं खातं बायकोच्या नाहीतर आईच्या ताब्यात, आणि कुणाकुणाचं किती देणं आहे त्याची खरी यादी घरच्यांसमोर कागदावर. ही यादी काढताना माणूस पार कोसळतो, म्हणून जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हे त्याच दिवशी सरळ विचारायला पाहिजे. आमच्याकडे कुणीच विचारलं नाही.

तुमच्या खात्याकडून मागणं फार नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत आठवड्यातला एक वार जुगारासाठी ठेवा, समुपदेशकांना याचं वेगळं ट्रेनिंग द्या, कर्जाचं बघायला बँकेतला एखादा रिटायर्ड माणूस बसवा, आणि डिस्चार्जनंतर निदान वर्षभर फॉलोअप ठेवा, कारण खरी परीक्षा पगाराच्या तारखेला आणि आयपीएलच्या सीझनला असते.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, चांगली सोय आहे, पण ते तरी पुढे पाठवणार कुठे? कुठल्या जिल्ह्यात कुठल्या वारी जुगाराचा पेशंट बघतात त्याची यादी त्यांच्याकडे द्या. आमच्या साताऱ्यापुरती जरी निघाली तरी कळवा, गावागावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं काम आमच्याकडे.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक मतदार