कोंबडीच्या वजनाचा अंदाज लावा, पण गाडी पण वेळेवर पाठवा

संपादक साहेब, नमस्कार.

शेडमध्ये कॅमेरे लावून ब्रॉयलरचं शेवटचं वजन आधीच सांगणाऱ्या सिस्टीमची बातमी तुमच्या पेपरात वाचली. चांगलंय, पण आमच्यासारख्या कंपनीच्या करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांना विचाराल तर अंदाज काढणं एवढं अवघड नाहीच, त्या तारखेला पक्षी न्यायला गाडी शेडवर येणं अवघड आहे.

आता बघा, एक दिवसाचं पिल्लू येतं 40-42 ग्रॅमचं. सातव्या दिवशी ते चौपट-साडेचारपट झालं, म्हणजे 170-180 ला पोचलं, की बॅच बरी निघणार हे कुठलाही जुना पोल्ट्रीवाला सांगेल. ब्रूडिंगला, म्हणजे सुरुवातीला पिल्लं उबेत ठेवतात तेव्हा, ऊब कमी पडली तर मात्र पुढं फिनिशर, म्हणजे शेवटच्या टप्प्याचं खाद्य, कितीबी ओता, मागं पडलेला पक्षी मागंच राहतो. त्यानंतर दर आठवड्याला नमुना वजन. ते पण नीट केलं तर! कंपनीचा सुपरवायझर घाईत असतो, दारातले दहा-वीस पक्षी उचलतो, जे पळत नाहीत तेच हातात येतात, आणि तोच आकडा कंपनीच्या ॲपवर जातो, मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. खरं तर शेडच्या तीन-चार ठिकाणी जाळी आडवी लावायची आणि आत जेवढे अडकतील तेवढे सगळेच्या सगळे मोजायचे, नाहीतर नर जास्त आले की सरासरी उगाच फुगते, पस्तिसाव्या दिवशी नर-मादीत दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. आणि एप्रिल-मेमध्ये पक्षी चोच उघडून धापा टाकत बसतो, दुपारी फीडला तोंड लावत नाही, तिथं हिवाळ्याचा चार्ट लावून काय उपयोग.

बरं, अंदाज बरोबर आला समजा, 38 व्या दिवशी सव्वादोन किलो. पण श्रावण लागला, रेट पडला, व्यापारी फिरकत नाही, गाडी उगवते 45 व्या दिवशी. तोवर पक्षी वाढतो पण मोठ्या अंगाला नुसतं जगायलाच फीड जादा लागतं, एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागं किती फीड लागलं तो आकडा, बिघडतो, शेडमध्ये दाटी होऊन मरतुक वाढते, आणि कटिंग कुठून तर आमच्या रिअरिंग चार्जमधून, म्हणजे पक्षी सांभाळायच्या पैशातून. गेल्या श्रावणात आमच्या बॅचला हेच झालं. कंपनीत विचारलं तर म्हणे तुमचं मॅनेजमेंट कमी पडलं. लिफ्टिंगची, म्हणजे पक्षी उचलायची तारीख ठरवणार तुम्ही अन् मॅनेजमेंट आमचं कमी?

म्हणून पशुसंवर्धन खात्याला सांगणं आहे की ॲपवर जाणारा अंदाज तारखेसकट शेतकऱ्याच्या बॅच कार्डवर लिहून देणं करारात सक्तीचं करा, आणि त्या तारखेनंतर लिफ्टिंग जेवढं लांबेल तेवढ्या दिवसांचं फीड आमच्या एफसीआरमध्ये धरू नका. वजनही शेडच्या दारात, आमच्या समोर आणि वैधमापनचा शिक्का असलेल्या काट्यावरच व्हावं, कारण क्रेट भरून गाडी हलली की वाटेत पक्षी घटतोच आणि ती घट परत आमच्याच नावावर पडते. एवढं झालं की कॅमेरे लावा खुशाल, आमच्या शेडपासून सुरुवात करा.

आपला,
एक पोल्ट्रीवाला शेतकरी, जि. सांगली