लस घेतली, रागावू नका (२०२१ मधलं पत्र)

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले असते तर बाबांनी अर्ध्यातच फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. गेल्या सोमवारी मी कोरोनाची लस घेतली. तुम्हाला आधी विचारलं नाही.

लस सुरू झाली तेव्हा मीच म्हणाले होते, "सध्या थांबते, बघू." ते आता सलतंय. काकू सांगत होती, बाबा, तुम्ही येईल त्याला ऐकवता, "आमची मुलगी नर्स आहे, तीच घेत नाही." अहो, ते नर्स नव्हती बोलत. तुमची पोरगी घाबरली होती. वॉर्डात आम्ही सगळ्याच थोड्याफार घाबरलेल्या. एकीला मूल हवं होतं, एकीला कोरोना होऊन गेला म्हणून गरज वाटत नव्हती, बाकीच्या म्हणायच्या, आधी डॉक्टरांना घेऊ दे. पेशंटच्या नातेवाइकांना मात्र लसीचे फायदे तोंडपाठ सांगायचो. सफाईच्या मावशी सगळं बघत असायच्या. एकदा विचारलंच त्यांनी, "सिस्टर, तुम्ही घेतली का?" मी ट्रेमधले कापसाचे बोळे मोजायला लागले.

इतक्या घाईत लस कशी आली, हा तुमचा प्रश्न माझाही होता. विषाणूची जनुकीय माहिती जानेवारी २०२० मध्येच सगळ्यांना खुली झाली होती, आणि त्याच्याच भाऊबंदावर, सार्सवर, २००२-०३ च्या साथीपासून काम चालू होतं. एरवी एक टप्पा संपला की पैशांची वाट बघत पुढचा. या वेळी टप्पे एकमेकांत घातले, निकाल यायच्या आतच कारखान्यात उत्पादन सुरू केलं. चाचण्या मात्र हजारो माणसांवरच झाल्या. क्वचित कुणाला जोराची अ‍ॅलर्जी येते, ते लपवत नाही. म्हणूनच टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात.

पण खरं सांगू? हे सगळं कळूनही मी गेले नव्हते. सोमवारी माझी ड्यूटी लसीच्या टेबलावर होती. संध्याकाळी व्हायलमध्ये एकच डोस उरला. उघडलेली व्हायल काही तासांतच संपवायची, नाहीतर फेकायची. यादीतलं कुणी आलं नाही. उजेडात धरून बघितलं, तळाशी जेमतेम अर्धा मिली. समोर मावशी फडकं घेऊन उभ्या. मी सिरिंज भरून शेजारच्या सिस्टरच्या हातात दिली आणि बाही वर केली. मावशींनी अजून नाव दिलेलं नाही, पण दंड दुखतो का ते रोज विचारतात.

रात्री अंग कसकसलं, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. त्या दुखऱ्या दंडावर हात ठेवून पडले होते तेव्हा, आई, तुझा देवीच्या लसीचा गोल व्रण आठवला. त्यात अंगठा टेकवल्याशिवाय मला झोप यायची नाही. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं, म्हणून माझ्या दंडावर तो व्रण नाही.

आता ऐका. दोघांनी एकाच दिवशी जायचं. बाबा, सैल अर्ध्या बाहीचा शर्ट घाला, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे टोचायच्या आधी सांगा. ती मनाने बंद करायची नाही, मागच्यासारखी. टोचल्यावर दोन मिनिटं कापूस घट्ट दाबायचा, चोळायचा नाही. तापाची गोळी आधीच घेऊन जायची नाही. आई, त्या पेनिसिलिनच्या वेळच्या अ‍ॅलर्जीचं सांगशील ना? तुला अर्धा तास बसवतील. यांना घाई झाली तरी उठू नकोस. खुर्च्या पाठीच्या आहेत, पंखा आहे, मी विचारून ठेवलंय. विणकाम घेऊन जा. आणि घरी आल्याआल्या मास्क फेकू नका, अंगात ताकद यायला दुसरा डोस आणि वर दोनेक आठवडे लागतात.

हुकूम वाटले तर वाटू देत. लोकांना काय सांगायचं याची काळजी करू नका, बाबा. पोरगी आधी घाबरली होती, असं खुशाल माझ्या नावावर टाका.

मी त्या दिवशी रजा टाकलीच आहे, फोन हातात धरून बसेन. आईला सुई दिसू देऊ नका, तिच्या त्या बाजूला तुम्ही उभे राहा.

तुमची,
बेबी